बंदुकीची दुर्बीण: लांबचं सोडा, जवळचं बघा

माझी पहिली दुर्बीण दीड डबा छर्रे टिकली. स्प्रिंगची एअर रायफल होती, 0.177 इंची छर्र्याची, आणि तिच्यावर मी मोठ्या हौसेने 6-24×50 असं छापलेलं लांबलचक नळकांडं चढवलं होतं. पहिल्या रविवारी मजा आली. तिसऱ्या रविवारी छर्रे टार्गेटभर हिंडायला लागले. मी आधी माझ्या श्वासाला दोष दिला, मग छर्र्यांना, मग चष्म्याच्या नंबरला. पाचव्या रविवारी डोळा लावला तर आतली उभी रेघ चक्क तिरकी झालेली. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "छर्र्याच्या बंदुकीने एवढ्या मोठ्या दुर्बिणीला काय होतंय?"

काय होतं ते क्लबातल्या एका जुन्या काकांनी समजावलं. काडतुसाची रायफल उडते तेव्हा धक्का एकाच दिशेने, मागे, खांद्यात बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आतला दट्ट्या जोरात पुढे सुटतो, त्यामुळे बंदूक आधी मागे सरकते. आणि दट्ट्या शेवटाला जाऊन हवेच्या गादीवर आदळला की तीच बंदूक पुढे झटका देते. दुर्बिणीच्या आतल्या काचा आणि रेघा मागचा धक्का सोसायला बसवलेल्या असतात. पुढचा झटका त्यांच्या हिशेबात नसतो. म्हणून हरणाच्या शिकारीच्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारी दुर्बीण छर्र्याच्या बंदुकीवर महिन्यात खिळखिळी होऊ शकते. स्प्रिंगसाठी घ्यायची तर ती एअर रायफलसाठी बनवली आहे असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं हवं. हवा आधीच भरून ठेवणाऱ्या पीसीपी रायफलीला झटका जवळपास नसतोच, तिथे ही भानगड नाही.

आता त्या आकड्यांकडे येऊ. 3-9×40 म्हणजे वस्तू 3 ते 9 पट मोठी दिसते आणि पुढच्या काचेचा व्यास 40 मिलिमीटर आहे. दुकानात सगळ्यांची नजर 9 वर, नाहीतर 24 वर. मोबाइलच्या कॅमेऱ्याने आपल्याला ही सवय लावली आहे, झूम जास्त तो फोन भारी. खरी गंमत त्या दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. 40 ला 9 ने भागा, साधारण 4.4 येतात. दुर्बिणीतून बाहेर पडून तुमच्या डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास तेवढा, 4.4 मिलिमीटर. घरी बघता येतं: दुर्बीण (बंदुकीवरून काढलेली, हे सांगायला नको) हातभर लांब धरा, उजेडाच्या खिडकीकडे तोंड करा, आणि मागच्या काचेत बघा. काळ्या गोलात एक लखलखीत टिकली दिसेल. झूम वाढवत जा, टिकली आकसत जाते. पट्टी लावून मोजली तरी भागाकाराचं उत्तर बरोबर निघतं.

ही टिकली महत्त्वाची का? भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली 2-3 मिलिमीटरची होते, तेव्हा टिकली केवढीही असो, चित्र उजळच दिसतं. संधिप्रकाशात तरुण माणसाची बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत पसरते. पन्नाशीनंतर 5 च्या आसपास अडते. माझ्या त्या 6-24×50 मध्ये 24 वर टिकली होती 2.1 मिलिमीटर. संध्याकाळी साडेसहाला तिच्यातून काय दिसणार? कोळशाच्या ढिगात मांजर. शिवाय टिकली बारीक असली की मान एवढीशी हलली तरी चित्र काळं होतं, मग दस्त्यावर गाल इकडून तिकडे सरकवत बसा.

झूमचं आणखी एक. ते लक्ष्य जितकं मोठं करतं तितकीच तुमच्या हाताची थरथरही. उभं राहून 24 वर नेम धरला की क्रॉसहेअर, म्हणजे आतल्या उभ्या-आडव्या रेघांची फुली, माशीसारखं भिरभिरतं, नवा माणूस घाबरतो, आणि रेघ मध्यावर आल्याच्या क्षणी चाप खेचतो. चाप खेचला की गोळी गेली भलतीकडेच. तोच माणूस 6 वर आणा, थरथर तेवढीच असते पण दिसत नाही, आणि हात सैल पडतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी लहरती हवाही जास्त झूमवर टार्गेटला पाण्यात बुडवल्यासारखी नाचवते. हजार यार्डांवर झोपून, दोन पायांवर रायफल टेकवून मारणाऱ्या एफ-क्लासच्या लोकांना मोठा झूम लागतो हे खरं. पण त्यांच्याकडे वाऱ्याच्या आणि हवेच्या लहरी वाचायची विद्या असते, आणि बंदूक हलत नाही.

मुळात दुर्बीण हवीच का, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) कांस्य घेतलं, 451.4 गुणांनी. त्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकाला एक कडं, कड्यात टार्गेटचा काळा गोल, बस्स. याला पीप साइट म्हणतात. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि 10 मीटर एअर रायफलीत तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! तेव्हा पोरगी किंवा पोरगा जिल्हा, राज्य, नॅशनल अशा वाटेने जाणार असेल, तर दुर्बिणीचे पैसे चांगल्या पीप साइटवर आणि शूटिंग जॅकेटवर घाला. दुर्बिणीवर शिकलेली मान आणि डोळा नंतर मोडायला वर्ष जातं, असं आमचे कोच म्हणतात आणि मला ते पटतं.

दुर्बिणीचं काम उरतं ते हौशी कागदी टार्गेट, बेंचवरून मारायचे प्रकार, फील्ड टार्गेट (न सांगितलेल्या अंतरांवरची टार्गेटं पाडायचा एअर रायफलचा खेळ), लांब पल्ल्याची निशाणेबाजी आणि शिकार यांत. शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जे लिहितो ते जिथे ती रीतसर परवान्याने चालते तिथलं. माझा मावसभाऊ न्यूझीलंडला क्राइस्टचर्चजवळ राहतो. त्याच्या प्रश्नांमुळेच हे सगळं कागदावर उतरलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी पॅरालॅक्स. नाव अवघड, गोष्ट एसटीतली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून स्पीडोमीटर बघितला की काटा साठवर दिसतो आणि ड्रायव्हरला पंचावन्नवर. काटा आणि आकडे यांच्यात अंतर आहे, म्हणून बघणाऱ्याचा डोळा सरकला की काटाही सरकल्यासारखा दिसतो. दुर्बिणीतही क्रॉसहेअर आणि लक्ष्याचं चित्र एकाच पातळीवर आलं नाही की डोळा हलल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकतं. बंदूक जागची हललेली नसते, नेम मात्र हललेला.

शिकारीच्या साध्या दुर्बिणी कारखान्यातच साधारण 100 मीटर किंवा यार्डांना जुळवलेल्या असतात. त्या अंतरावर दोष शून्य. इतर अंतरांवर जास्तीत जास्त किती चूक होईल याचा सोपा अंदाज आहे: पुढच्या काचेचा अर्धा व्यास, गुणिले अंतरातला फरक, भागिले जुळवलेलं अंतर. 40 ची काच आणि 300 मीटरवरचं हरीण घ्या: 20 गुणिले 200 भागिले 100, म्हणजे 40 मिलिमीटर. हरणाच्या छातीतली मर्माची जागा वीतभर असते, तिथे चार सेंटिमीटरने आभाळ कोसळत नाही. आता तीच दुर्बीण एअर रायफलीवर लावून 10 मीटरवर मारा. 20 गुणिले 90 भागिले 100, म्हणजे 18 मिलिमीटर. एअर रायफलचं अख्खं टार्गेट 45.5 मिलिमीटरचं, त्यात 18 ची चूक नुसती मान नीट न ठेवल्यामुळे! लोकांना वाटतं हे दोष लांब मारणाऱ्यांचे. प्रत्यक्षात ते जवळच जास्त चावतात.

तपासायला खर्च नाही. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून ती वाळूच्या पिशवीत घट्ट रोवा, क्रॉसहेअर टार्गेटवर येऊ द्या, बंदुकीला हात न लावता डोकं होकार-नकार दिल्यासारखं हलवा. रेघ काळ्या गोलावरून पोहत असेल तर त्या अंतरावर पॅरालॅक्स आहे. एअर रायफलवाल्याने म्हणून 10 मीटरपर्यंत खाली जुळवता येणारीच दुर्बीण घ्यावी. हे जुळवायचं चाक काहींत पुढच्या काचेभोवती असतं, काहींत डाव्या बाजूला. बाजूचं सोयीचं, गालावरून डोकं उचलावं लागत नाही. फील्ड टार्गेटचे लोक तर याच चाकाने अंतर मोजतात. मोठा झूम ठेवायचा, चित्र लख्ख होईपर्यंत चाक फिरवायचं, आणि चाकावरचा आकडा वाचायचा. मोठ्या झूमला नावं ठेवली खरी, पण या एका खेळात तो पोटापाण्याचा आहे.

आता मावसभाऊ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ताहर नावाचा डोंगरी बोकडासारखा प्राणी आहे. मूळचा आपल्या हिमालयातला, इथे कायद्याने संरक्षित. तिथे 1904 साली माउंट कुकजवळ मुद्दाम सोडला, आणि डोंगरावरचं गवत नि झुडपं खाऊन त्याने उच्छाद मांडला, म्हणून त्याची शिकार करायला सरकारच परवाने देतं. भावाला कोणीतरी सांगितलं की ताहर समोरच्या डोंगरउतारावर तीनशे मीटरवर उभा असतो, तेव्हा मोठा झूम घे. त्याने 5-25×56 घेतली. किलोभर वजनाची. पहिल्या दिवशी खोगीरासारखी ती रायफल खांद्यावर घेऊन सात तास डोंगर चढला, आणि उतरताना एका झुडपामागून तांबडं हरीण वीस मीटरवर उठलं. दुर्बीण राहिली होती 25 वर. एवढ्या झूमवर वीस मीटरला दिसणारा गोल असतो जेमतेम फूटभर. "दादा, नुसती केसाळ सतरंजी दिसली रे," असं त्याने फोनवर सांगितलं. झूम खाली आणेपर्यंत सतरंजी गेली.

साध्या 3-9×40 मध्ये 3 वर शंभर मीटरला दहा-अकरा मीटर रुंदीचं दृश्य येतं, 9 वर चारेक मीटरचं. 3 वर ठेवून चालायचं, लांब काही दिसलं आणि वेळ असला तर वाढवायचं. वेळ लांबच्या जनावराला असतो, जवळच्याला नसतो. म्हणून शिकारीच्या दुर्बिणीत पहिला, लहान आकडा आधी वाचावा. दाट जंगलात 2 किंवा त्याहून कमी, मोकळ्या रानात 3 चालतं, 5 पासून सुरू होणारी मला तरी नको.

आणि उजेड. हरणं बाहेर पडतात ती झुंजूमुंजूला आणि दिवेलागणीला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीची वेळच सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी आहे; दुर्बिणीची सगळी परीक्षा त्या शेवटच्या अर्ध्या तासात. जर्मनीत रात्री मचाणावर बसून रानडुकरं मारणाऱ्यांची जुनी लाडकी दुर्बीण म्हणजे 8×56. भागाकार बरोब्बर 7! पण तो मचाणावरचा हिशेब आहे. डोंगर चढणाऱ्याने 40 ते 44 च्या काचेवर थांबावं. मोठी काच वजन वाढवते आणि दुर्बीण बंदुकीच्या नळीपासून उंच बसवायला लावते, मग गालाऐवजी हनुवटी टेकवून नेम धरायची वेळ येते. त्यापेक्षा काचेवरच्या लेपाला पैसे द्या. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, आणि आत अशा बऱ्याच काचा ओळीने उभ्या असतात. चांगला बहुस्तरीय लेप ही गळती अर्ध्या टक्क्याखाली आणतो. दुर्बिणीची नळी 30 मिलिमीटरची असली की जास्त उजेड येतो, ही दुकानातली कथा आहे. जाड नळीने आत रेघ वरखाली सरकवायला जागा जास्त मिळते, एवढंच.

क्लिकचा भाग थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक उगाच भांडतात. दुर्बिणीवरच्या बोंडाला टरेट म्हणतात. ते एक टिक फिरवलं की नेम ठरावीक कोनात सरकतो. तो कोन मोजायच्या दोन पद्धती आहेत, मिल आणि एमओए. मिलमध्ये एक टिक म्हणजे सहसा 0.1 मिल, शंभर मीटरला बरोबर 1 सेंटिमीटर. एमओएमध्ये एक टिक पाव एमओएचा, शंभर मीटरला सुमारे 7 मिलिमीटर. आपण मीटर-सेंटिमीटरमध्ये वाढलो, आपल्याला मिल सरळ पडतं: गोळी 300 मीटरवर समजा 45 सेंटिमीटर खाली पडते, 45 भागिले 3 म्हणजे 15 टिक, फिरवा. एमओए वाईट नाही, यार्ड-इंचवाल्या देशात तेच सोपं. फक्त आतल्या खुणा मिलमध्ये आणि बोंड एमओएमध्ये, अशी सरमिसळ दुर्बीण स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

त्या आतल्या खुणांचं एक खोडसाळ प्रकरण आहे. काही दुर्बिणींत झूमबरोबर खुणाही मोठ्या-लहान होतात, त्या फर्स्ट फोकल प्लेनच्या. खुणांचं माप कुठल्याही झूमवर खरं. बाकीच्यांत रेघा तेवढ्याच राहतात, त्या सेकंड फोकल प्लेनच्या; त्यांचं माप बहुधा सर्वांत मोठ्या झूमवरच खरं असतं, झूम निम्मा केला की एक खूण दोनाच्या बरोबरीची. लांब पल्ल्याच्या निशाणेबाजाला पहिली हवी. शिकाऱ्याला मी दुसरी सांगेन, कारण पहिलीत लहान झूमवर रेघा कोळ्याच्या धाग्यासारख्या होतात आणि अंधारात, झाडीत, त्या सापडतच नाहीत.

बसवणं हा निवडीचाच भाग धरा. निम्म्या "खराब" दुर्बिणी खरं तर सैल स्क्रूच्या असतात. बंदुकीवरची पट्टी आधी बघा. एअर रायफलीवर आणि पॉइंट टू-टू (0.22 इंची) रायफलीवर बहुधा 11 मिलिमीटरची खाच असते, मोठ्या रायफलींवर पिकाटिनी किंवा वीव्हर नावाची पट्टी, आणि दुर्बीण धरणाऱ्या रिंगा त्या मापाच्याच लागतात. मग डोळ्याचं अंतर. काडतुसाच्या रायफलीवर मागची काच डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच लांब राहायलाच हवी. नाहीतर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईत घुसते. परदेशातल्या शिकारी मंडळींत त्या अर्धचंद्राच्या व्रणाची चेष्टा चालते, आणि तो बहुधा चढावर वरच्या दिशेने मारताना मिळतो, कारण तेव्हा डोकं नकळत पुढे जातं.

दुकानात काय बघाल? बाहेर या, हे पहिलं. ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. सूर्य कलल्यावर झाडाच्या बुंध्याच्या सावलीत बघा. सालीच्या भेगा मोजता येतात का ते पाहा. दोन दुर्बिणी एकाच झूमवर ठेवून शेजारी-शेजारी बघा, म्हणजे महागातल्या जास्तीच्या पैशांचं काय मिळतं ते तुमचाच डोळा सांगेल. आणि विकत घेतल्यावर रेंजवर चौकोनाची परीक्षा घ्या: नेम एकाच ठिपक्यावर, तीन मारा, 20 टिक वर, तीन, 20 उजवीकडे, तीन, 20 खाली, तीन, 20 डावीकडे, आणि शेवटचे तीन पहिल्या तिनांवर पडायला हवेत. माझ्या 6-24×50 ने, रेघ तिरकी व्हायच्या आधी, या परीक्षेत चौकोनाऐवजी पतंग काढला होता. तेव्हाच समजायला हवं होतं. ऑनलाइन बाजारात बड्या नावांच्या हुबेहूब नकला फिरतात, त्यांचे पतंग तर याहून कलात्मक.

भावाने ती 5-25 विकली. नव्यासाठी तो संध्याकाळी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये तीन दुर्बिणी घेऊन उभा राहिला, आणि मला पलीकडच्या एका झाडाचे त्यांच्यातून मोबाइलने काढलेले फोटो पाठवले. पहिल्यात झाड, दुसऱ्यात झाड, तिसऱ्यात झाडावर बसलेला पक्षी. तिसरी होती 3-9×40, तिघींमधली मधल्या किमतीची. ताहर काही त्याला अजून मिळालेला नाही. उरलेल्या पैशांत त्याने डोंगराचे बूट घेतले.